विचर्चिका आणि भांड्यांचा साबण

हातांच्या विचर्चिकेत बाह्य व आभ्यंतर चिकित्सा करूनही कंडू पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर आम्ही रुग्णास भांड्यांच्या साबणाचे वेष्टन आणावयास सांगतो. कारण निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. वेष्टनावर ‘लॉरिल सल्फेट’ वा ‘बेंझिन सल्फोनेट’ आढळल्यास ते फेनकारक ऋणभारित जाणावे. ते त्वचेतील प्रथिनांस चिकटते व तिचा स्नेह हरण करते. डेसिल ग्लुकोसाइड भाररहित (नॉन-आयॉनिक), म्हणून तुलनेने सौम्य होय. परंतु सोबत ‘बीटेन’ हे द्विभारी द्रव्य असल्यास साबण केवळ भाररहित राहत नाही. तसा साबण न मिळाल्यास अरिष्टकाच्या, म्हणजे रिठ्याच्या, फलत्वचेचा काढा योजावा. त्यातील सॅपोनिने मुख्यतः भाररहित गणली जातात. तेलकट भांड्यांस तो दोनदा लावावा. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये.