सही घेण्याआधी तिला विचारा

नवव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्याचा दोष मी कुणालाच देत नाही. पण त्यानंतर रुग्णालयात जे झालं, त्याचा देते.

कळांचं औषध देऊन मोकळी केली. लेबर रूममध्ये मी 'आययूडीची पेशंट', म्हणजे पोटात बाळ गेलेली, एवढंच. बाळ बाहेर येताच सिस्टरनी हिरव्या कापडात गुंडाळून नेलं. मुलगी झाली हे मला मावशींच्या आपसातल्या बोलण्यातून कळलं. बघायला मागितली, तर "नका बघू हो, विसरायला जड जाईल." बाहेर सासऱ्यांची सही घेऊन झाली होती. मला टाके घालत होते, तेवढ्यात तिला पुरायला नेलीसुद्धा.

मग खाट दिली ती बाळंतिणींच्या वॉर्डात. सकाळी ड्यूटी बदलली. नव्या सिस्टर थर्मामीटर लावता लावता म्हणाल्या, "बाळानं दूध ओढलं का?" मी नुसती बघत राहिले. त्यांनी केसपेपर उलटला, वाचला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. चकार शब्द नाही. ड्यूटी बदलताना एकीनं दुसरीला एवढंही सांगितलं नव्हतं! कामाचा ताण असतो, मान्य. पण एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

म्हणून घरच्यांनो, कागदावर सही करण्याआधी तिला विचारा. बाळ बघायचं, कुशीत घ्यायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. आज नको म्हणाली, तरी फोटो काढून जपून ठेवा. केसपेपरवर बाळाच्या पायाचा ठसा घेतात ना, त्याच शाईनं एक ठसा साध्या कागदावर मागून घ्या. खाट दुसरीकडे हलवा म्हणून भांडा. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर बाळ गेलं तरी अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं का, ते विचारा. वार तपासायला पाठवायला सांगा. त्यातून कारण कळण्याची शक्यता असते.

आणि दूध येतं. मला कुणी बजावलंच नाही. घरी आल्यावर छाती दगडासारखी झाली, ब्लाऊज भिजला, आणि मी न्हाणीघरात ओरडून रडले. दूध थांबवायची गोळी मिळते. बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही, म्हणून घरी जाण्याआधीच डॉक्टरांना विचारा. थंड पाण्याच्या घड्या ठेवा, घट्ट फडकं बांधू नका. वेळेवर जेवा, कुणाशी तरी बोला.

नोकरी असेल तर आणखी एक. आमच्या ऑफिसात म्हणाले, "बाळ नाही ना, मग गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा." साफ चूक. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या व्याख्येत 'मूल' म्हणजे मृत जन्मलेलं मूलसुद्धा होतं, आणि गर्भपात धरत होते तो २६व्या आठवड्यापर्यंतच. कायद्याचं ते पान छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे माझी पूर्ण रजा मंजूर झाली.