बर्फ तिकडचा, विहीर इकडची

प्रश्न : मुरुडला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. परवा एक पाहुणे जाताना म्हणाले, "आता पुढच्या महिन्यात मनाली, बर्फ बघायला." तेव्हापासून डोक्यात आहे, की बर्फ आणि पर्यटक एकदम येतात तिथल्या शेतकऱ्याचं काय होत असेल? आणि आमच्याकडे बर्फ नाही, हे बरं की वाईट?
– एक वाचक, मुरुड (जि. रायगड)

उत्तर : बरं की वाईट, ते तुमची विहीरच सांगेल. तिकडे येतोच, आधी बर्फाचं बघू.

सफरचंदाला हिवाळ्यात गाढ झोप लागते. जातीप्रमाणे कमीजास्त, पण साधारण हजारेक तास पारा सात अंशांच्या खाली राहावा लागतो. नाहीतर वसंतात फुलोरा धड येत नाही. हिमाचलातले बागायतदार बर्फाला 'पांढरं खत' म्हणतात. खरं काम मात्र ओलीचं. पाऊस उतारावरून धावत सुटतो, बर्फ विरघळत मुळांपाशी जिरतो. शिवाय त्याच्या थराखाली जमिनीला पांघरूण मिळतं. तोच बर्फ फुलं उमलल्यावर एप्रिलात कोसळला, की बहर गेला आणि फांद्याही मोडल्या.

रोहतांगपलीकडच्या लाहौलमध्ये पाऊस जेमतेमच. तिथला बटाटा नि वाटाणा वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर पिकतो. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात एरवी जगापासून तुटणाऱ्या या खोऱ्यात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. गंमत बघा : शेत बर्फाखाली असतं तेव्हाच पर्यटक येतो, म्हणजे शेतकऱ्याचे हात मोकळे असतात. आणि पर्यटक ज्यात लोळायला येतो, तेच शेताचं उन्हाळ्यातलं पाणी. (वेफर्सच्या पिशव्याही तो त्यातच टाकून जातो. त्या वितळत नाहीत.)

आपल्या राज्यात असा मेळ नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, की पर्यटक पहाटे मोबाइल घेऊन धावतात, आणि स्ट्रॉबेरीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण गोठलेलं दव पानं-फुलं जाळतं. निफाडचा द्राक्षवाला तर अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतो.

मुरुडला बर्फाचं काम साधी थंडी करते. डिसेंबरात रात्री गार झाल्या की हापूस मोहोरतो. ढग आले की तुडतुडे नि भुरी. थंडी फार लांबली तर आणखी पंचाईत : झाड पुन्हा मोहोर काढतं आणि आधी धरलेली कणी-वाटाण्याएवढी फळं गळून जातात. भात निघालेल्या शेतात त्याच दिवसांत मुरल्या ओलीवर वाल उभा असतो. त्याच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी; पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढ्याचा जाळ. पूर्वी ही शेतातली घरगुती मजा होती, आता पाहुणे खास तिच्यासाठी खोली घेतात. बाजारात किलोवर जाणारी शेंग मडक्यातून ताटात जाते, तेव्हा तिचं मोल वेगळंच होतं. इथे शेती आणि पर्यटक खरोखर एका पंगतीला बसतात.

आता विहीर. पावसाळ्यात राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. गारंबीच्या धबधब्याला कोणी आलं तर आलं. एरवी गाव लावणीला मोकळं. म्हणजे आपल्याकडे पाणी पडतं तेव्हा पर्यटक नसतो आणि एप्रिल-मेमध्ये तो येतो तेव्हा पाणी आटत असतं. वाडीचं शिंपणं, आंब्याची उतरणी आणि पाहुण्यांच्या आंघोळी, सगळं एकाच महिन्यात, एकाच विहिरीवर. समुद्राकाठी उपसा वाढला की विहिरीला खार लागतो. नारळ थोडं खारं पाणी चालवून घेतो, सुपारी नाही.

तरी खोल्या बंद करा, असं मी म्हणणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. टाळेबंदी उठल्यावर पाहुणे परतले, पण नव्या सुपारीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. मधल्या काळात चूल कशावर पेटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक करून बघा. येत्या मेमध्ये रोज पहाटे, पंप लावण्याआधी, दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजा आणि त्या दिवशी घरात किती पाहुणे होते ते शेजारी लिहा. कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढंच. जूनमध्ये ते पान आम्हाला पाठवा.