बेटावरचा बाजार : घर केव्हा विकावे?

ग्राहक आणि विक्रेते यांचा संबंध येऊन जेथे किंमत ठरते तो बाजार, ही व्याख्या आपण सर्वांनी अकरावीत पाठ केली आहे. मीही केली आणि गुण मिळवले. परंतु तिचा खरा अर्थ मला उमगला तो आमचे सुरतेचे घर विकताना. तो अनुभव वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने येथे मांडत आहे.

आमचे घराणे मूळचे बेळगावच्या वडगावातले, विणकरांचे. घरात कन्नड, गल्लीत मराठी. हातमाग परवडेना तेव्हा अप्पा सुरतेला गेले आणि तेथे यंत्रमागावर जॉबर झाले. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूला मराठी वस्ती मोठी आहे. त्यातले पुष्कळ लोक भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेले. म्हणूनच गुजरातेत राहूनही माझे शिक्षण मराठी माध्यमातून होऊ शकले.

आता बेटाविषयी. माझ्या एका कन्नड वर्गमैत्रिणीला 'बेट' म्हटले की डोंगर आठवतो, कारण कन्नडात 'बेट्ट' म्हणजे डोंगर. येथे मात्र मराठी बेटच अभिप्रेत आहे. ज्या बाजारात बाहेरचा ग्राहक सहसा येत नाही, त्याला मी बेटावरचा बाजार म्हणते. खरोखरीच्या बेटाचे उदाहरण हाँगकाँगचे. जमीन मोजकी, माणसे अमाप. तेव्हा घरांचे भाव उतरणार कसे, असे लोक म्हणत. पण १९९७ साली आशियातील आर्थिक संकट आले आणि २००३ पर्यंत तेथील भाव निम्म्याहून खाली गेले. जमीन तेवढीच होती. ग्राहक आटले होते.

आमच्या गल्लीभोवती समुद्र नव्हता, तरी ती बेटच होती. तेथे घर घेणारा माणूस बहुधा आपल्याच भाषेचा, आपल्याच धंद्यातला आणि कोणाच्या तरी ओळखीने आलेला असे. सुरतेच्या काही अधिसूचित भागांत तर १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्यामुळे घर विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तेथे ग्राहकांची संख्या आणखी आखडते.

अशा बाजाराचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या कारणाने आपल्याला घर विकावे लागते, त्याच कारणाने ग्राहकही नाहीसा होतो.

आमचे घर अप्पांनी २००९ साली घेतले. आदल्या वर्षी जगभर मंदी आली होती आणि सुरतेतले हिऱ्यांचे कारखाने धडाधड बंद पडले होते. घराचा मालक हिरे घासणारा कारागीर. त्याने ७ लाख सांगितले आणि ५ लाख ५० हजारांना दिले. किल्ली देताना तो म्हणाला, "भाऊ, चार महिने थांबता आलं असतं, तर ह्या भावात दिलं नसतं." अप्पा हे वाक्य आजही सांगतात, आणि सांगून झाले की थोडा वेळ गप्प बसतात.

पुढे २०१९ च्या दिवाळीत शेजारच्या काकांनी मुलाच्या लग्नासाठी आमचे घर मागितले. २१ लाख देत होते. "अजून वाढंल," असे म्हणून अप्पांनी नकार दिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. माग थांबले, कामगार गावी गेले. आमच्या एका गल्लीत चार घरे विक्रीला निघाली आणि घेणारा एकही नाही. नंतर एकाने आम्हाला १६ लाख विचारले. सुदैवाने आम्हाला थांबता आले. अखेर २०२४ च्या दिवाळीत, माग चालू असताना, त्याच शेजाऱ्यांनी २५ लाखांना घर घेतले.

अप्पा खूश झाले : थांबलो म्हणून ४ लाख जास्त मिळाले! मी वही काढली. २०१९ मधले २१ लाख पाच वर्षे ६ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते तर सुमारे २८ लाख १० हजार झाले असते. उलट घर ठेवल्यामुळे दरमहा ४,००० रुपये भाडे वाचले, म्हणजे २ लाख ४० हजार. घरपट्टी आणि डागडुजीचे ६० हजार वजा जाता आमच्या पदरात २६ लाख ८० हजार पडले. व्याजावरचा कर सोडून दिला तर थांबण्याची किंमत १ लाख ३० हजार! क्रमिक पुस्तकात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच.

अप्पांनी हिशेब दोनदा तपासला. मग म्हणाले, "बरोबर हाय. पण तेव्हा तू नववीत, धाकटा पाचवीत. भाड्याच्या खोलीवरनं दर वर्षी जागा बदलली असती, तर शाळेचं काय झालं असतं? ते कुठल्या रकान्यात लिवलंस?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ताळेबंदात न बसणारी गोष्टही लाभच असते, हे मी त्या दिवशी शिकले.

कराचाही विचार आधीच करावा. घर दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करून पाहता येतो, आणि जो कर कमी येईल तोच भरावा लागतो. नफ्याची रक्कम दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात गुंतवली तर सूट मिळते. आम्ही वडगावात घर घेतले, त्यामुळे ती सूट आम्हाला लागू झाली.

तात्पर्य, बेटावरच्या बाजारात शिखरावरचा भाव गाठण्याच्या मागे लागू नये. तो भाव उतरल्यावरच ओळखू येतो. आपली गरज केव्हा संपते ते पाहावे, कागदपत्रे तयार ठेवावीत, आणि धंदा चालू असताना, आपल्याला थांबणे शक्य असतानाच ग्राहकाशी बोलणी करावीत. थांबण्याची ताकद संपली की भाव समोरचा ठरवतो.

घर विकल्यावर मी अप्पांना विचारले, आता तो हिऱ्यांचा कारागीर भेटला तर काय सांगाल? ते म्हणाले, "सांगणार काय? चहा पाजीन. चार महिने त्याच्यापाशी नव्हते, म्हणून आपल्याला घर मिळालं."