आंबेमोहर भाताचे शुद्ध बियाणे

देहूरोडहून लोणावळ्याकडे जाऊ लागले म्हणजे पावसाचे मान वाढत जाते व भाताची खाचरे दिसू लागतात. या पट्ट्यात आज इंद्रायणी हे वाण सर्वत्र आढळते. आंबेमोहर-१५७ व आय.आर.-८ यांच्या संकरातून निघालेले हे वाण १९८७ साली प्रसारित झाले. त्याचा सुवास मूळच्या आंबेमोहराकडून आलेला आहे. ते फारसे लोळत नाही व उत्पन्नही अधिक देते. शेतकऱ्यांनी ते स्वीकारले यात त्यांचे काही चुकले नाही. मात्र त्यामुळे जुना आंबेमोहर थोड्याच खाचरांत उरला.

इटली देशात एका द्राक्षाची हीच गत झाली होती. पेकोरिनो या पांढऱ्या द्राक्षाचे पीक थोडे येई, म्हणून बागाइतदारांनी भरघोस फळणाऱ्या जाती लावल्या. १९८० नंतरच्या दशकात ग्वीदो कोच्ची ग्रिफोनी या बागाइतदाराने आर्क्वाता देल त्रोंतो या डोंगरी गावातील जुन्या वेलींच्या काड्या आणून आपल्या मळ्यात वाढविल्या. त्या द्राक्षाच्या कोरड्या, तरतरीत मद्याला आज दूरदूरचे गिऱ्हाईक आहे.

द्राक्षाची काडी लावली की वेल मूळ वेलीसारखाच येतो. भाताचे तसे नाही. भात बहुतांशी स्वपरागित असला तरी खळ्यावर, पोत्यात व आवणात भेसळ होतेच, आणि दरवर्षी ती वाढत जाते. बाजारात दुसरेच बारीक सुवासिक तांदूळ आंबेमोहर म्हणून विकले जात असता, खऱ्या मालाचा उत्पादकच भेसळीचे बी पेरू लागला तर त्याला चढा भाव मागण्यास आधार राहणार नाही.

बियाण्यासाठी वेगळे खाचर राखावे व दुसऱ्या वाणापासून निदान तीन मीटर अंतर सोडावे. आंबेमोहर उंच वाढतो व लोळतो, म्हणून नत्र बेतानेच द्यावे. निसवण्यापूर्वी, फुलोऱ्यात व कापणीपूर्वी अशा तीन वेळा खाचरातून फिरून वेगळी दिसणारी रोपे मुळासकट उपटावीत. पानांचे तुकडे १.७ टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावात दहा मिनिटे झाकून ठेवून हुंगल्यास बिनवासाचे रोप ओळखता येते. हा द्राव कातडी जाळतो. शेतकऱ्याच्या हाती न देता कार्यकर्त्याने स्वतः परीक्षा करावी. इंद्रायणीची भेसळ मात्र या परीक्षेने सापडणार नाही, कारण तिलाही वास आहे. तिच्यासाठी रोपाची उंची व दाण्याची लांबी पाहावी. इंद्रायणीचा दाणा लांब, आंबेमोहराचा आखूड असतो.

बियाण्याची झोडणी प्रथम, स्वच्छ खळ्यावर करावी. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे काढावे, तळाचे दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे. साठवणीचे बी बारा-तेरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून नव्या पोत्यात भरावे व आत-बाहेर वाणाच्या नावाची चिठ्ठी ठेवावी.