बोट टेकवल्यानंतरचे मौन
प्रवेशपत्र उतरवून घेण्याचा शेवटचा दिवस, गावात जेमतेम रेंज. पालक दुव्यावर बोट टेकवतात आणि पडदा स्तब्ध राहतो. या मौनाचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

बोट टेकताच ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो. पत्ता शोधणे, जोडणी करणे, सुरक्षेची ओळख पटवणे यांसाठी संदेशांच्या अनेक फेऱ्या होतात. टू-जीवर एका फेरीस सेकंदभरही लागू शकतो. येणार ते वाचावयाचे पान की जतन करावयाची फाइल, हे उत्तराच्या शीर्षभागावरून ठरते. तोवर ‘डाउनलोड सुरू’ असे ब्राउझर तरी कसे सांगणार?

जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये नोंदवले, की सेकंदभराच्या विलंबाने विचाराची सलगता तुटते आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडते. मग पुन्हा बोट टेकवले जाते. मागणी वाटेत असेल तर ती बहुधा रद्द होऊन नवी निघते. फाइल उतरू लागली असेल तर तीच दुसऱ्यांदा उतरते व डेटा व्यर्थ जातो.

दोष अधीरतेचा नव्हे. अधीर आम्ही शिक्षकही असतो. दुवा देणाऱ्याने शेजारी फाइलचा आकार लिहावा, स्पर्श होताच ‘मागणी पाठवली’ एवढे तरी दाखवावे. पालकांनी आधी वरची सूचनापट्टी ओढून पाहावी; तेथे काही नसल्यास अर्धा मिनिट थांबून मगच पुन्हा बोट टेकवावे.