पैनगंगेच्या पैलतीरीचा आसरा

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. १९५६ पूर्वी राजुरा व किनवट हे तालुकेही आदिलाबादेतच मोडत आणि राजुऱ्याकडून वर्धा नदी ओलांडली की चांदा लागे. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड; परंतु भाषा, बाजार आणि सोयरीक दोन्ही तीरांची एकच होती.

१९४७-४८ साली हैदराबाद संस्थानात रझाकारांचा जुलूम वाढला, तेव्हा अनेक कुटुंबांनी घरदार सोडून लगतच्या प्रांतांचा आश्रय घेतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. पुढे सूडाच्या दिवसांत संस्थानातील निरपराध मुसलमान कुटुंबांवरही तीच पाळी आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी केली. घर सुटल्याचे दुःख धर्म पाहून येत नाही.

अशा वेळी काही कुटुंबे छावणीत राहतात, काही आप्तांच्या घरी. छावणी सर्वांना दिसते, तेथे मदतही पोहोचते. पडवीत बिऱ्हाड थाटलेले कुटुंब मात्र कोणाच्या यादीत येत नाही, आणि त्याला थारा देणारा यजमान तर मुळीच नाही.

एक साधे गणित करून पाहू. पाच माणसांच्या घरात ३६ दिवसांची ज्वारी आहे. चार माणसे आश्रयास आली. आता ती ज्वारी २० दिवसांतच संपेल. पाणी दुप्पट भरावे लागेल, सरपण दुप्पट लागेल, मुलांना अभ्यासाचा कोपरा उरणार नाही. पाहुण्याला संकोच वाटतो, यजमान बोलत नाही. पण एके दिवशी चुलीपाशी शब्दाला शब्द लागतो. मने वाईट म्हणून नव्हे, कणगी रिकामी म्हणून.

यास्तव मदत द्यावयाची ती दोन्ही बिऱ्हाडांना द्यावी. धान्य एकत्र मोजावे. गळके छप्पर शाकारावे. पडवीस कूड घालून आडोसा करावा. न्हाणी व शौचकूप वाढवावे. आणि किती महिने राहावयाचे हे आरंभीच मोकळेपणाने ठरवावे. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे परागंदा झालेल्यांना घरात घेणाऱ्या कुटुंबांस ब्रिटिश सरकारने दरमहा ३५० पौंड देऊ केले. पाहुण्यांकडून भाडे मात्र घ्यावयाचे नव्हते. यजमानाचा हात चालता राहिला, तरच आश्रिताचे छप्पर टिकते, हे तत्त्व त्यामागे आहे.

आमची मातृभाषा कोकणी. तीत 'सोयरो' म्हणजे नातलगही आणि घरी आलेला पाहुणाही. एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, हे आम्हांस लहानपणी सहज वाटे. ते नांदविण्यास किती खर्च येतो, हे मोठेपणी उमगले.

बालमित्रहो, ते दिवस पाहिलेली माणसे आता विरळच उरली आहेत. सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा: आपल्यापैकी कोण नदीपलीकडे गेले होते? कोणाच्या घरी राहिले? त्या घरची माणसे काय खात होती? जे सांगतील ते नावगावासह वहीत उतरून ठेवा. आश्रय देणाऱ्यांचे ऋण फेडण्याची पहिली पायरी म्हणजे त्यांची नोंद करणे, असे आम्हांस वाटते.