लघवीचे कल्चर: खर्च किती, आणि पैसे कुठे वाया जातात?

चिठ्ठीवर ‘युरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेले असते, तेव्हा लॅबला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: जंतू कोणता, आणि कोणत्या अँटिबायोटिकला तो दाद देतो? चुकीच्या गोळ्यांचा कोर्स घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा ही तपासणी बहुधा स्वस्त पडते.

दर
महाराष्ट्रातल्या शहरांत खासगी लॅब यासाठी साधारण ५०० ते १,००० रुपये घेतात. रक्ताचे कल्चर महाग असते. शिवाय डॉक्टर बहुतेकदा दोन जागांहून रक्त घ्यायला सांगतात, म्हणून सांगितलेला दर एका बाटलीचा की दोन्हींचा, हे आधी विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. पण कल्चरची सोय सगळीकडे नसते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती सहसा मिळते.

पैसे भरण्यापूर्वी विचारा
• सेन्सिटिव्हिटी दरात धरली आहे का? जंतू वाढलाच नाही, तर तिचे पैसे लागतील का?
• नमुना इथेच तपासणार की बाहेर पाठवणार?
• लॅबला एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, आणि ती कल्चरसाठीही आहे का?

नमुना
पैसे वाया जातात ते मुख्यतः इथे. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्या. आधीच गोळी घेतली असेल तर लॅबला सांगा. रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर मात्र तपासणीसाठी औषध लांबवू नका. जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. डबी दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. ‘मिक्स्ड ग्रोथ’ असा शेरा आला, तर बहुधा नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळलेले असतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

रिपोर्ट
जंतू वाढायला वेळ लागतो, म्हणून रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता जास्त, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. शेजारच्या एमआयसीच्या (जंतूची वाढ रोखायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण) आकड्यांची औषधा-औषधांत तुलना करू नका. सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत चांगले औषध, असे नसते.

टीबीसाठी वेगळी वाट
टीबीची शंका असेल तर आधी सरकारी केंद्र गाठा. सीबीनॅट किंवा भारतात विकसित झालेली ट्रूनॅट ही तपासणी तिथे मोफत होते आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतूही तिच्यात सापडतो.

कधी करू नये?
कोर्स संपला आणि त्रास थांबला, तर ‘खात्रीसाठी’ कल्चरची सहसा गरज नसते. गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सांगितले, तर मात्र त्रास नसला तरी करून घ्या.